सातवा इंजेक्टर

एप्रिल सरत आला, तरी थंडर बेमध्ये
बर्फाच्या लाद्या एकमेकींना खांदे मारत फिरताहेत.
शेडमधली शेगडी सकाळपासून पेटलेली,
पण पाने अजून तळहाताला चिकटतात.

इथे मी त्याला बाबा म्हणत नाही. काझ म्हणते.
तो मला ओतिलिया म्हणत नाही, काहीच म्हणत नाही,
नुसता हात पुढे करतो,
नऊ-सोळांशचा हवा की अर्ध्याचा
हे मी ओळखायचं.

बोटीच्या पोटात इंजिन उघडं पडलंय.
आठ सिलिंडर, आणि वर सुपरचार्जर,
लग्नघरातल्या थोरल्या आत्यासारखा
मधोमध ठाण मांडून.
पट्टा काढलाय म्हणून तेवढ्यापुरता गप्प.
त्याला एकच कळतं: हवा कोंबायची.
कोंबलेली हवा म्हणजे दारात आलेली पंगत,
वाढायला घरात आहे की नाही
हे तिनं कधी विचारलंय?

जुने आठ इंजेक्टर आम्ही सॅगिनॉला धाडले होते तपासायला.
काल कागद आला.
आठ काचनळ्या, आठ आकडे,
सात जवळपास सारखे,
आणि सातव्या क्रमांकापुढे अठरा टक्के कमी.
आतल्या गाळणीत तांबूस कीट.
म्हणजे सातवं सिलिंडर इतकी वर्षं
पोटाला चिमटा घेऊन धावत होतं,
कुणाला न सांगता.

काझनं कागद शेगडीजवळ नेऊन वाचला.
मग खिडकीजवळ नेऊन वाचला.
चष्मा पुसून पुन्हा वाचला.

नऊ वर्षांपूर्वीचा ऑगस्ट.
बेटाला वळसा घालून परतायची शर्यत,
थ्रॉटलवर माझा भाऊ, बेनेक, वय बावीस.
धक्क्याला पोचायला अर्धा मैल असताना
धूर, आणि मग नुसता पाण्याचा आवाज.
सातव्या पिस्टनला भोक पडलं होतं,
कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
धक्क्यावर सगळे उभे होते, पाद्रीसुद्धा.
काझ म्हणाला, तुझ्या हाताला अक्कल नाही.
एवढंच. मोठ्यानं.

बेनेक डुलुथला गेला, खनिजाच्या जहाजांवर.
नाताळचं कार्ड येतं, आईच्या एकटीच्या नावानं.
आम्ही पिस्टन बदलला,
पुली बदलून हवेचा जोर उतरवला,
इंजेक्टर तेच ठेवले.
त्यांच्यावर संशय कोण घेणार?
माणूस हाताशी होता.

आज नवे बसवले. मोठ्या तोंडाचे.
ओ-रिंगला तेल लावून, अंगठ्यानं दाबून,
एकेक बसला की टक् असा बारीक आवाज.
पंप एकाचे दोन, नळी जाड,
आणि रेग्युलेटरला मॅनिफोल्डची एक बारीक नळी,
म्हणजे हवा वाढली की इंधनालाही कळेल.
या घरात एवढी सोय कुणाचीच नव्हती.

पाण्याचा पाइप जोडला. किल्ली फिरवली.
आत्याबाईंनी घसा साफ केला, मग सूर धरला,
फळीवरचे डबे थरथरले.
मी मीटरवरचा आकडा पाहत होते,
काझ कान देऊन फक्त एका बाजूला वाकलेला.
थंड झाल्यावर सातवा प्लग काढला.
पूर्वी खडूसारखा पांढरा निघायचा,
आणि आम्ही म्हणायचो, चकचकीत आहे.
आज भाजलेल्या पावाच्या कडेचा रंग.
त्यानं तो मला दाखवला नाही.
मी बघितलाच.

संध्याकाळी बाकावर एक जाड पाकीट.
डुलुथचा पत्ता, घर क्रमांकासकट,
कुठेही न बघता लिहिलेला.
आत घडी घातलेला सॅगिनॉचा कागद. चिठ्ठी नाही.
जुना सातवा इंजेक्टर त्याच्या मुठीत.

"वास येईल याला," तो म्हणाला. "पोस्टात घेतील का?"
"धुऊन घे," मी म्हटलं.

तो धुतोय.
ही चौथी वेळ.